एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ लिहिलंत का?

अझुर फाइल्सचा (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या फाइल-साठ्याचा) शेअर, म्हणजे सामायिक फोल्डर, उबुंटू लिनक्सच्या व्हीएमला (आभासी मशीनला) जोडणं पाच मिनिटांचं काम. ‘सीआयएफएस-युटिल्स’ पॅकेज टाकायचं, माउंट (जोडणीची) कमांड द्यायची, झालं. खरी मेख पुढे आहे, रीबूटनंतर.

शेअर कायम राहावा म्हणून आपण एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये, ओळ घालतो. त्या ओळीच्या पर्यायांत ‘नोफेल’ (जोडणी फसली तरी अडू नको) आणि ‘_नेटडेव्ह’ (हे नेटवर्कवरचं आहे) हे दोन शब्द हवेतच. मी एकदा पहिला विसरलो. स्टोरेज अकाउंटची की (पासवर्डसारखी किल्ली) मध्येच बदलली होती, शेअर लागेना, आणि मशीन थेट इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरतं सुरू होऊन, जाऊन बसलं. एसएसएच (दुरून लॉगिन) बंद! सीरिअल कन्सोलमधून (अझुरच्या पोर्टलवरून मशीनच्या थेट पडद्यावर जाऊन) ती ओळ दुरुस्त करेपर्यंत शनिवारची संध्याकाळ गेली. ‘नोफेल’ असतं तर शेअर नुसता गायब दिसला असता, मशीन मात्र उठलं असतं.

स्टोरेजची की एफएसटॅबच्या ओळीत लिहू नका. एफएसटॅब कोणीही वाचू शकतो. लॉगिनच्या माहितीची वेगळी क्रेडेन्शियल फाइल करा, मालक रूट (मुख्य अ‍ॅडमिन), परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी). फाइलमध्ये दोनच ओळी : युजरनेम म्हणजे स्टोरेज अकाउंटचं नाव, पासवर्ड म्हणजे ती की.

ओळ घातली की लगेच रीबूट नको. आधी ‘सुडो माउंट -ए’ (एफएसटॅबमधलं सगळं आत्ताच जोड) चालवा, मग ‘डीएफ -एच’मध्ये (जोडलेल्या डिस्कच्या यादीत) शेअर दिसतो का बघा. एरर १३ आली तर बहुधा की चुकलीय. ११५ आली तर आधी ४४५ पोर्ट (शेअरपर्यंत जाणारा नेटवर्कचा मार्ग) उघडा आहे का तपासा. घरच्या ब्रॉडबँडवरून जोडताना हा पोर्ट पुष्कळदा बंदच असतो, तिथे व्हीपीएन लागतं.