मुंबई-लंडन विमानप्रवास: वेळेचा हिशेब मांडताना या चुका टाळा

"सव्वापाच तासांत लंडन? मग विमानात दोनदा जेवण कशाला देतात?" तिकीट डोळ्यांजवळ धरून मावशीने विचारलं. सुटण्याची वेळ दुपारी १, पोचण्याची संध्याकाळी ६.१५. तिने सरळ वजाबाकी केली होती.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. तिथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. म्हणजे मावशीचा मे महिन्यातला प्रवास सव्वापाच अधिक साडेचार, पावणेदहा तासांचा. परतीला हाच फरक वजा करायचा. रात्री ८.३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला मुंबईत उतरलात, तर साडेतेरा नव्हे, नऊच तास झाले.

जाताना जास्त आणि येताना कमी का? वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीवर घेतात. त्यामुळे एकीकडचा वेळ दुप्पट करून जाण्या-येण्याचा हिशेब मांडू नका.

अंतराला वेगाने भागणारेही बरेच भेटतात. मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८५०, म्हणजे दीड तासाच्या आतच पोचणार! तिकिटावर मात्र दोन तासांच्या वर वेळ दिसतो. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण-उतरण आणि आकाशात मारलेल्या घिरट्याही धरलेल्या असतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रांग लागणारच.

लंडनचं अंतर कुठे ७२०० दिसेल, कुठे ४४८०, कुठे ३८९०. गोंधळू नका. किलोमीटर, मैल आणि सागरी मैल, एवढाच फरक. शिवाय हे सर्वात जवळच्या वाटेचं अंतर. विमान त्याच वाटेने जाईल असं नाही. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा युरोपकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. मुंबईपेक्षा दिल्लीकरांना त्याचा फटका जास्त बसला.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. तिकिटावर '१५ तारीख, ००.५०' असेल, तर घरातून १४ च्या संध्याकाळीच निघायचं. आपल्याकडे दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतरची वेळही मनात 'पंधराची रात्र' म्हणूनच बसते. आमच्या ओळखीतले एक काका १५ च्या रात्री हार-तुऱ्यांसह विमानतळावर हजर झाले. विमान जाऊन वीस तास उलटले होते. मी आता अशा तिकिटावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहून देते: 'मंगळवारी रात्री जेवून निघणे'.

पुण्याहून निघणाऱ्यांनी द्रुतगती मार्गावरच्या घाटातल्या कोंडीचे दोन तास वेगळे धरा. पुढचं विमान पकडायचं असेल तर विमानतळाचं नावही बघा. हीथ्रोला उतरून गॅटविकहून निघायचं म्हणजे सामानासकट लंडनला वळसा.

आणि घ्यायला येणाऱ्या मुलाला सव्वासहाला बोलावू नका. पासपोर्टची रांग, बॅगा, सगळं होईस्तोवर साडेसात वाजतात, आणि तोवर तिथलं पार्किंग पौंडात चालू असतं.