परदेशी प्रशिक्षण घेऊन परतलेल्यांची जिल्हा संघटना कशी उभारावी

परदेशातील प्रशिक्षण संपवून माणूस सोलापूर स्टेशनवर उतरतो, तेव्हा त्याच्या बॅगेत प्रमाणपत्राबरोबर बहुधा एक कृती आराखडाही असतो. जपानच्या जायका या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या अनेक अभ्यासक्रमांत तर परतल्यावर आपण काय करणार हे प्रशिक्षणार्थीकडून लिहूनच घेतले जाते. पहिला महिना उत्साहात जातो, मग नेहमीची कामे अंगावर येतात आणि वर्षभरात तो आराखडा कपाटातल्या फाइलमध्ये जाऊन पडतो. माजी प्रशिक्षणार्थींची संघटना उभारायची ती या आराखड्यांसाठी, असे माझे स्पष्ट मत आहे. निव्वळ आठवणी काढण्यासाठी जमलेली मंडळी दोन स्नेहमेळाव्यांनंतर पांगतात.

सर्वप्रथम संघटनेची व्याप्ती ठरवावी. जायका आणि उद्योगांतील माणसांना प्रशिक्षण देणारी एओटीएस या जपानी संस्थांच्या माजी प्रशिक्षणार्थींच्या संघटना भारतात आहेत, परंतु त्यांचे कार्यक्रम बहुधा मोठ्या शहरांत होतात आणि एका जिल्ह्यात एकाच अभ्यासक्रमाची दहा माणसे सापडणेही अवघड असते. म्हणून देश किंवा संस्था न पाहता जिल्हा हा पाया धरावा. कारखान्यातर्फे जपानला जाऊन आलेला पर्यवेक्षक, इस्रायलच्या माशाव या सहकार्य संस्थेचा सिंचनाचा अभ्यासक्रम केलेला कृषी अधिकारी, कृषी विभागाच्या देशाबाहेरील अभ्यास दौऱ्यात गेलेला डाळिंब उत्पादक, अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर गेलेली शिक्षिका आणि रोटरीच्या २०१३ पर्यंत चाललेल्या ग्रुप स्टडी एक्स्चेंज या परदेशी अभ्यासभेटींच्या कार्यक्रमात सहभागी झालेला बँक कर्मचारी, या सर्वांना एकाच यादीत घ्यावे. यामुळे विषयांची सरमिसळ होईल अशी शंका घेतली जाते. प्रत्यक्षात या सरमिसळीतूनच काम निघते, हे आम्ही सोलापुरात घेतलेल्या पहिल्याच बैठकीत पाहिले.

त्या बैठकीला सात जण आले होते. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या पर्यवेक्षकांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. भिंतीवरील फळीवर प्रत्येक पान्याची आणि पक्कडीची आकृती लाल रंगाने काढली होती, जेणेकरून जे हत्यार जागेवर नाही त्याची रिकामी आकृती लगेच दिसावी. फोटोत बारापैकी पाच आकृत्या रिकाम्या होत्या. ते म्हणाले, “फळी बोलते आहे, पण संध्याकाळी तिच्याकडे बघायचे कोणी, हे मी कोणालाच नेमून दिले नाही.” शेजारी बसलेल्या कृषी अधिकाऱ्यांनी लगेच ठिबकच्या गाळणीचे उदाहरण दिले. गाळणीच्या आधी आणि नंतर दाबमापक बसवलेले असतात; दोन्हींतील फरक वाढला की गाळणी तुंबू लागली आहे असे समजावे; पण तो आकडा रोज कोणी लिहून ठेवत नाही. दोघांचेही घोडे एकाच ठिकाणी अडले होते. दोघांनीही आपापल्या ठिकाणी रोज एक ओळ लिहायची वही सुरू करावी आणि तीन महिन्यांनी ती एकमेकांना दाखवावी, असे त्याच वेळी ठरले.

म्हणून पहिल्या बैठकीत भाषणे ठेवू नयेत. प्रत्येकाने दहा मिनिटांत मी काय शिकलो, काय करून पाहिले आणि कोठे अडलो, एवढेच सांगावे, आणि तिसऱ्या प्रश्नाला सर्वाधिक वेळ द्यावा. त्यानंतर वेगवेगळ्या क्षेत्रांतील दोघादोघांच्या जोड्या लावाव्यात. जोडीदाराने तीन आणि सहा महिन्यांनी प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन यावे. फोनवर “चालू आहे” एवढेच उत्तर मिळते.

माणसे शोधण्यासाठी औद्योगिक वसाहतींतील कारखाने, जिल्हा परिषद, कृषी कार्यालय, विद्यापीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, रोटरी क्लब आणि केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र येथे चौकशी करावी. परदेशी संस्थेकडे नावांची यादी मागितल्यास ती बहुधा मिळत नाही. त्याऐवजी आपले पत्र संबंधितांना पाठवण्याची विनंती केली, तर ती सहसा मान्य होते. नोंदवहीत नाव, अभ्यासक्रम, वर्ष आणि विषय यांबरोबरच ‘आराखड्यात काय होते’ आणि ‘आज काय उरले आहे’ असे दोन रकाने अवश्य ठेवावेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा लक्षात घेऊन प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी. पत्रव्यवहार मराठीत असला, तरी सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारे सदस्य असणारच, तेव्हा बैठकीत कोणाच्याही भाषेचे अवघडलेपण राहू देऊ नये.

तारीख ठरवताना जिल्ह्याचे पंचांग पाहावे लागते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, आषाढीला महसूल, पोलीस आणि आरोग्य खात्याची माणसे पंढरपुरात अडकलेली असतात, आणि गाळप हंगामात साखर कारखान्यातील माणूस मिळत नाही. वार्षिक सभेसाठी मी १० ऑक्टोबर सुचवतो. १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये तेथेच देह ठेवलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा हा जन्मदिवस आहे, आणि आपली विद्या घेऊन परक्या देशात राबलेला या शहराचा सुपुत्र आठवण्यास यापेक्षा योग्य प्रसंग नाही. नवरात्र किंवा कोजागरीची तुळजापूरची पायी वारी जवळ आली, तर सभा पुढच्या रविवारी घ्यावी. हिवाळ्यात एखाद्या सदस्याच्या शेतावर हुरड्याच्या निमित्ताने कुटुंबांसह जमावे. परदेशी जाणाऱ्यामागे घर सांभाळणाऱ्यांनाही या कामात स्थान मिळायला हवे.

नोंदणीची घाई करू नये. वर्षभर बैठका नियमित झाल्या आणि काही आराखडे पुन्हा मार्गी लागले की मगच ते काम हाती घ्यावे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही करावी लागते. सोलापूरच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात संस्थेचे ज्ञापन, नियमावली, ठराव, सदस्यांची माहिती आणि जागामालकाचे संमतीपत्र यांची पूर्तता करावी लागते. नियमावलीत सभासदत्वाची पात्रता, कार्यकारिणीची मुदत, गणपूर्ती आणि दोन सह्यांनी चालणारे बँक खाते या गोष्टी निःसंदिग्ध शब्दांत लिहाव्यात. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत फेरफार अर्ज, म्हणजे बदलाची नोंद करण्याचा अर्ज, दाखल करावा. तो राहिला तर नव्या पदाधिकाऱ्यांची नावे दप्तरी लागत नाहीत आणि पुढे साध्या मतभेदाचाही वाद होतो.

पदाधिकारी निवडताना एक काळजी घ्यावी. २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्यानुसार शासकीय कर्मचाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असतो. सचिव आणि कोषाध्यक्ष दोघेही शासकीय सेवेत असतील, तर एकाच मे महिन्यात दोघांची बदली होऊन दप्तर पोरके होण्याची भीती असते. निदान सचिव तरी येथेच स्थायिक असलेला उद्योजक, शेतकरी किंवा निवृत्त शिक्षक असावा, आणि शासकीय सदस्यांनी पद स्वीकारण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी.

खर्च सदस्यांच्या वर्गणीतून भागेल एवढाच ठेवावा. ज्या परदेशी संस्थेत आपण शिकलो, तिच्याकडून निधी मागण्याचा मोह होतो. पण २०१० च्या विदेशी योगदान नियमन कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय अशी रक्कम, ती कितीही लहान असो, स्वीकारता येत नाही. भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासी सदस्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी यात मोडत नाही. मात्र त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असल्यास ती मोडते. आपण शिकलो त्या परदेशी संस्थेकडे पैशाऐवजी जुन्या प्रशिक्षकांचा तासभर वेळ मागावा. आपल्या अडचणींचे फोटो आधी पाठवून व्हिडिओ कॉलवर त्यांच्याशी बोलता येते.

नव्याने परदेशी निघालेल्यांसाठी जाण्याच्या महिनाभर आधी एक बैठक घ्यावी. तिला त्यांच्या वरिष्ठांनाही बोलवावे, कारण परतल्यावर जागा, वेळ आणि हाताखालची दोन माणसे देणे त्यांच्याच हाती असते. आधी जाऊन आलेल्याने आपला न झालेला आराखडा त्यांच्यासमोर ठेवावा. मग जाणाऱ्याने एका कागदावर परतल्यावर हाती घ्यायचे एकच काम लिहावे, वरिष्ठांची त्यावर सही घ्यावी आणि खाली सहा महिन्यांनी ते काम पाहायला येणाऱ्या सदस्याचे नाव लिहावे. त्या कागदाची एक प्रत संघटनेच्या नोंदवहीत राहील.