मधुमेह-बीपीतून किडनी खालावली? मग या चुका टाळा

साखर आणि बीपीसाठी वर्षानुवर्षं पाळलेले काही नियम किडनी चौथ्या टप्प्यात गेली की उलटतात. घरचे मात्र तेच नियम दुप्पट जोमाने पाळू लागतात.

आधी रिपोर्टमधला आकडा नीट बघा. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा; ती मंदावली की तो वाढतो. ‘क्रिएटिनिन दोनच तर आहे’ म्हणत लोक निवांत राहतात. ६५ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन २.० असेल तर ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज) साधारण २७ येतो. ३० च्या खाली चौथा टप्पा, १५ च्या खाली पाचवा.

मीठ, शहाळं आणि एकादशी

बीपीसाठी म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणलं जातं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. थकलेल्या किडनीला पोटॅशियम पुरेसं बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बऱ्याचदा आधी काही जाणवतही नाही. सैंधवाने प्रश्न सुटत नाही, तेही मुख्यतः सोडियमच. साधंच मीठ वापरा, पण दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत; पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी हे सगळं त्यातच मोजायचं.

भेटायला येणारे शहाळी आणतात. पोटॅशियम वाढलेलं असेल तर ती त्यांनाच प्यायला द्या. उपासाचं ताटही तपासा: बटाटा, रताळं, केळं, खजूर, शेंगदाणे, म्हणजे पोटॅशियमचीच पंगत! वर इन्सुलिन चालू असेल तर उपास आणखी अवघड. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी ओतून द्यावं. मात्र रिपोर्टमध्ये पोटॅशियम नीट असताना उगाच सगळी फळं तोडू नका. आधीच तोंडाची चव गेलेली असते.

‘साखर आपोआप सुधारली’

पेढे वाटू नका. इन्सुलिनचा बराचसा निचरा किडनी करते. ती मंदावली की तोच डोस जास्त वेळ काम करतो. म्हणून साखर उतरलेली दिसते, आणि एखाद्या रात्री घाम, थरथर, असंबद्ध बोलणं सुरू होतं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साखरपाणी किंवा ग्लुकोज पावडर द्या, संत्र्याचा रस नको, त्यात पोटॅशियम असतं. डोस कमी करायचा का, हे लगेच डॉक्टरांना विचारा. ग्लिबेनक्लामाईडसारखी साखरेची गोळी या टप्प्यावर घातक ठरते, आणि ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर मेटफॉर्मिन ही साखरेचीच गोळी बंद करतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीए१सीवर (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) फार विसंबू नका, घरच्या ग्लुकोमीटरची वही ठेवा.

गोळ्या

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक मेडिकलमधून परस्पर आणणं थांबवा. पॅरासिटामॉल चालतं का, ते विचारून घ्या. ‘किडनी साफ करणारे’ काढे आणि भस्मं तर घरात आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत.

उलट चूकही होते. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल ही बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं आणि लोक गोळी सोडून देतात. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. पोटॅशियमवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी फोन करा, काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात.

पाण्याचं थोडक्यात: सूज किंवा धाप असेल तर ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला विसरा. डाळ-अंडी पूर्ण बंद करणंही चूक. प्रथिनं साधारण किलोमागे ०.८ ग्रॅम, आणि डायलिसिस सुरू झालं की त्याहून जास्त लागतात.

डायलिसिसचं नाव टाळणं

फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट, शस्त्रक्रियेनंतर वापरण्याजोगा व्हायला कित्येक आठवडे जातात. तयारी नसेल तर ऐनवेळी मानेत नळी घालावी लागते, आणि तिच्यातून जंतुसंसर्गाचा धोका जास्त. हेपॅटायटिस बीची लस आधीच घ्या. ज्या हाताने कमी काम करता त्या हाताच्या शिरा फिस्टुलासाठी राखून ठेवा: रक्त काढणाऱ्याला दंड आणि कोपराऐवजी तळहाताच्या मागची शीर वापरायला सांगा.