जुनाट सायनसचा प्रकार पेशींच्या तपासणीतून कसा ओळखावा

नाक चोंदणे किंवा स्राव वाहणे, आणि त्याच्या जोडीला चेहऱ्यात ठणका किंवा वास न येणे, असा त्रास 12 आठवड्यांहून अधिक टिकला व दुर्बिणीतून किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज दिसली, की जुनाट सायनसचे निदान होते. मात्र ही सूज कोणत्या पेशींमुळे धुमसते आहे, हे त्यावरून कळत नाही आणि औषध तर त्यावरच ठरते. त्रास एकाच बाजूला असेल, तर आधी वरच्या दाढा, बुरशीचा गोळा व गाठ यांची शंका फेडावी.

सुरुवात साध्या सीबीसीपासून (रक्तपेशींच्या मोजणीपासून) करावी. रिपोर्टमधील इओसिनोफिलच्या (ॲलर्जी व जंतांत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) टक्केवारीवर थांबू नये; एका मायक्रोलिटर रक्तात एकूण पांढऱ्या पेशी 8000 आणि इओसिनोफिल 4 टक्के असतील, तर प्रत्यक्ष संख्या 320 भरते. टक्केवारी ‘नॉर्मल’ रकान्यात बसते, पण 2020 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतील 250 ची मर्यादा ओलांडली जाते. त्याच सूचनांनुसार रक्तातील एकूण आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) 100 किंवा अधिक असणे, अथवा नाकातील ऊतीत सूक्ष्मदर्शकाच्या जास्त क्षमतेच्या (400 पट) भिंगातून दिसणाऱ्या एका क्षेत्रात 10 किंवा अधिक इओसिनोफिल सापडणे, हाही ‘टाइप 2’ म्हणजे इओसिनोफिलप्रधान दाहाचा पुरावा होय.

रक्ताचा आकडा मात्र फसवा असतो. पंचगंगेकाठच्या शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या पोटात जंत असतील, तर सायनसशी संबंध नसतानाही इओसिनोफिल आणि आयजीई दोन्ही चढतात. उलट स्टिरॉइडच्या गोळ्यांनी इओसिनोफिल झपाट्याने उतरतात, म्हणून शक्यतो गोळ्या सुरू करण्याआधीच रक्त द्यावे आणि आधी घेतल्या असतील तर तारखेसह सांगावे. ईएसआर, सीआरपी या दाह दाखवणाऱ्या सर्वसाधारण रक्तचाचण्यांवरून प्रकार ठरत नाही. त्यांवर पैसे घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

भरवसा ऊतीवरच ठेवावा. तुकडा तपासणीस पाठवताना अर्जावर केवळ ‘पॉलिप’ (नाकातील मऊ कोंब) न लिहिता ‘इओसिनोफिल व न्यूट्रोफिल मोजून कळवावेत’ अशी स्पष्ट विनंती करावी, अन्यथा अहवालात ‘जुनाट दाह’ एवढेच येते. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचे प्राबल्य दाहाच्या उरलेल्या दोन प्रकारांकडे, म्हणजे टाइप 1 किंवा टाइप 3 कडे, बोट दाखवते. या दोहोंना वेगळे करणारे इंटरफेरॉन-गॅमा व आयएल-17 हे पेशींमधील संदेशवाहक रेणू रोजच्या तपासणीत मोजले जात नाहीत. शस्त्रक्रियेत चिकट, घट्ट स्राव निघाल्यास तो सक्शनमध्ये वाया न घालवता वेगळ्या बाटलीत पाठवावा, कारण ॲलर्जिक बुरशीजन्य सायनसचे बुरशीचे तंतू आणि इओसिनोफिलपासून बनलेले शार्को-लेडन स्फटिक त्यातच सापडतात.