एआरटीवरच्या (एचआयव्हीच्या रोजच्या औषधांवरच्या) ज्येष्ठांसोबत काम करताना

पहिला प्रश्न तब्येतीचा नको. ‘घरात कुणाकुणाला ठाऊक आहे?’ हे आधी विचारा, तेही एआरटी सेंटरवर, एकट्यात. उत्तर माणसागणिक टिपून ठेवा: मुलाला माहीत, सुनेला नाही, नातवाला फक्त ‘आजीची बीपीची गोळी’. फोन सुनेने उचलला तर काय बोलायचं, हे आजींनीच ठरवावं. मुलगा सगळा खर्च करतो म्हणून त्याला सांगावं असं कितीही वाटलं, तरी 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार आजींच्या लेखी संमतीशिवाय सांगता येत नाही.

घरी जाताना संस्थेचं जाकीट आणि लाल रिबनचं ओळखपत्र पिशवीत ठेवा. वाड्यात किंवा चाळीत ‘कुठून आलात?’ हे कुणीतरी विचारणारच. पेन्शनचं काम खरोखर चालू असेल तर तेच सांगा.

घरात गेल्यावर सगळ्या गोळ्या चटईवर ओतायला लावा. सगळ्या म्हणजे गुडघ्याची, पित्ताची, वैद्यांची पुडीसुद्धा. उतारवयात घोळ होतो तो बहुतेक इथेच. टीएलडी या एचआयव्हीच्या एकत्रित गोळीत टेनोफोव्हिर 300, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅम असतं. अँटासिड, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी डोल्युटेग्राव्हिरला पोटातच बांधून ठेवते, ते रक्तात पुरतं उतरत नाही. म्हणून टीएलडी त्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यायची. कॅल्शियम सकाळी आणि टीएलडी रात्री नऊला, ही सोपी वाट. मेटफॉर्मिन चालू असेल तर दिवसाचा एकूण डोस पाहा. डोल्युटेग्राव्हिरमुळे ते रक्तात वाढतं, त्यामुळे साधारण 1000 मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात. डोस आपण बदलायचा नाही. शुगरच्या डॉक्टरांना चिठ्ठी द्यायची. पण पुष्कळदा ती चिठ्ठी देता येत नाही, कारण त्या डॉक्टरांना आजाराचं सांगितलेलंच नसतं. खरं समुपदेशन लागतं ते इथे.

बाटलीवरचं लेबल खरवडून काढलेलं दिसेल. रागावू नका, पण त्यासोबत मुदतीची तारीखही जाते. बाटली कापडी बटव्यात ठेवा म्हणावं. ओल शोषणारी पुडी आत राहू द्या.

मग मोजणी. 90 गोळ्या दिल्या आणि 84 दिवसांनी पाहिलं, तर 6 उरायला हव्यात. 11 उरल्या म्हणजे 5 चुकल्या: 84 पैकी 79, साधारण 94 टक्के, म्हणजे हव्या असलेल्या 95 च्या खाली. मात्र मागच्या बाटलीतली शिल्लक मिळवायची राहून जाते आणि हिशेब उगाच बिघडतो. चुकवण्याचं कारण विचारताना विसर, उदासी आणि ‘पाहुणे आले होते’ ही तीन वेगळी कारणं आहेत. तिन्हींवर मोबाईलचा अलार्म हा एकच उपाय चालत नाही.

पैशाचं बघताना वय 65 पूर्ण असेल तर श्रावणबाळ योजनेतून अर्ज करा. तिथे वय आणि उत्पन्न पाहतात, आजाराचा दाखला लागत नाही, म्हणजे गुपित तहसीलपर्यंत जात नाही. 65 च्या आत असतील तर संजय गांधी निराधार योजना. तिथे आजाराच्या आधारावर अर्ज केला तर वैद्यकीय दाखला जोडावा लागतो, हे आधीच सांगा. दोन्हींत उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये, अनुदान महिन्याला 1,500. मंजुरीनंतर पैसे अडले तर आधी बँक खातं आधारशी जोडलंय का ते पाहा, मग हयातीचा दाखला. कष्टाच्या कामाने बोटांचे ठसे झिजलेले असतात, तेव्हा आधार अपडेटलाच एक खेप जाते.

कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून हडपसरच्या माणसाने पंधरा वर्षांपूर्वी मुद्दाम लांबचं सेंटर धरलेलं असतं. आता गुडघे साथ देत नाहीत आणि पीएमपीच्या दोन बस बदलाव्या लागतात. ट्रान्सफर-आउट, म्हणजे जवळच्या सेंटरला नाव हलवणं, सुचवा, रेटू नका. कबूल झाले तर ग्रीन बुक (रुग्णाकडची उपचाराची नोंदवही) सोबत आहे आणि निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या हाताशी आहेत, एवढं पाहूनच कागद हलवा.