टमी टक झालं, पण पोट मनासारखं दिसेना? मग आधी हे करा

दोन सिझेरियननंतर पोटाची कातडी लोंबायला लागली होती म्हणून मी टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढायचं ऑपरेशन, करून घेतलं. ऑपरेशन बाहेरच्या मोठ्या शहरात, राहायला सांगलीत. दीड महिन्यानं आरशात बघितलं आणि रडूच आलं, पोट फुगलेलं, टाक्यांची रेघ लालभडक, आणि उजव्या कमरेला रेघ संपते तिथं कातडीचं टोक उभं राहिलेलं, ते नेमकं परकराच्या नाडीखाली यायचं आणि दिवसभर टोचायचं. वर नणंद म्हणाली, एवढे पैसे घालून हेच का? तर ज्यांचं असं झालंय त्यांच्यासाठी लिहितेय.

पहिलं म्हणजे नुसतं "बिघडलं" म्हणू नका, काय बिघडलंय ते वहीत लिहून काढा, कारण प्रत्येक गोष्टीचा इलाज वेगळा आणि थांबायचा काळ पण वेगळा. सूज असेल तर सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते, ती पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने लागतात, कधी जास्त पण. मी रोज संध्याकाळी भडंगाची वाटी घेऊन बसायचे आणि वर लोणचं, मग ऑपरेशननंतर पोटाला बांधायचा पट्टा घट्ट व्हायचा, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही किती दिवस. मीठ कमी करा आणि पट्टा डॉक्टरांनी सांगितलाय तितके दिवस घालाच. बेंबीखाली बधिर वाटतं ते पण बरेच महिने राहतं, त्याला घाबरू नका.

पोट हलवल्यावर आत पाण्याच्या पिशवीसारखं डुचमळत असेल तर ती सूज नाही, पाणी साठलेलं असू शकतं, डॉक्टर सुईनं काढतात, घरी शेकत बसू नका.

टाक्यांची रेघ पहिले दोन-तीन महिने उलट जास्तच लाल आणि जाड दिसते, फिकी व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून सिलिकॉनची पट्टी किंवा जेल सुरू करा, आणि रेघेला ऊन लागू देऊ नका. सांगली हळदीचं गाव आहे म्हणून सासूबाई हळद लावायला निघाल्या होत्या, उघड्या जखमेवर तसलं काही नको. रेघ फुगून बाजूला पसरत चालली आणि खाजायला लागली तर मात्र वाट बघू नका, त्यात इंजेक्शन देतात. आणि मिश्री लावत असाल तर सोडा की, तंबाखूनं जखम भरायला उशीर होतो, आपल्याकडच्या बायका हे डॉक्टरला सांगतच नाहीत.

वरचं पोट पुढंच दिसतंय अशी तक्रार असेल तर एक कटू गोष्ट. ह्या ऑपरेशनमध्ये कातडी, तिच्याखालची चरबी काढतात आणि सैल स्नायू शिवून घेतात, आतड्याभोवतीची चरबी तिथंच राहते. ती वजन उतरवूनच कमी होते, दुसऱ्या ऑपरेशननं नाही.

दर महिन्याला एकाच भिंतीपुढं, एकाच उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मी चौथ्या महिन्यात पहिला फोटो शेजारी ठेवला तेव्हा कळलं की निम्मं रडणं सुजेचं होतं.

फॉलोअपला वही आणि फोटो घेऊन जा आणि भांडायच्या आवाजात नाही तर सरळ विचारा, हे आपोआप जाईल का, किती महिन्यांत, नाही गेलं तर काय करणार, आणि त्याचा खर्च कोणाचा. सर्जनची फी माफ असली तरी हॉस्पिटलचं आणि भुलीचं बिल येऊ शकतं, म्हणून ते लेखी घ्या. मन भरलं नाही तर दुसऱ्या प्लास्टिक सर्जनला दाखवा, डिग्री एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी आहे का बघा, मिरज जवळच आहे. दुरुस्तीचं ऑपरेशन बहुतेक सहा महिने ते वर्ष झाल्याशिवाय कोणी करत नाही, जो लगेच चला म्हणतो त्याच्यापासून लांब राहा.

खरंच हलगर्जी झालीय असं वाटलं तर आधी कागद गोळा करा. रेकॉर्डची कॉपी मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षं. पण मनासारखं न दिसणं आणि हलगर्जी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वकिलाकडे जायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत हातात ठेवा.

ताप, पू, जखम उसवणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं किंवा दम लागणं, ह्यात वही-बिही काही नाही, तडक हॉस्पिटल.

माझं कमरेचं टोक दहाव्या महिन्यापर्यंत गेलं नाही, मग जागा बधिर करून काढलं, त्याच दिवशी घरी. बेंबी जराशी डावीकडं आहे ती तशीच ठेवलीय, आणि नाडी आता दोन बोटं वर बांधते.