टेलविंडमध्ये कुठला आयटम कधी खालच्या ओळीत जाणार ते आपल्या हातात ठेवा

टेलविंड म्हणजे तयार क्लास देऊन वेबपेज सजवायचं सीएसएस फ्रेमवर्क. समजा रेसिपीच्या साइटवर टॅग दाखवायचेत, 'उपवासाचे पदार्थ', 'दिवाळी फराळ', 'डब्यासाठी झटपट' वगैरे आठ-दहा. बाहेरच्या डिव्हला, म्हणजे टॅग ज्या चौकटीत आहेत तिला, नुसतं फ्लेक्स (आतले आयटम शेजारी-शेजारी मांडणारा क्लास) दिलं की लॅपटॉपवर झकास दिसतं आणि मोबाइलवर सगळे एकमेकांना खेटतात, 'उपवासाचे' वर आणि 'पदार्थ' खाली असे तुकडे पडतात, वर शेवटचे टॅग स्क्रीनबाहेर. कारण फ्लेक्सचं डिफॉल्टच नोरॅप आहे, जागा असो नसो एकाच ओळीत बसायचं.

मग त्याच बाहेरच्या डिव्हला फ्लेक्स-रॅप लावा. बाहेरच्याच हं, टॅगला लावून ओळीवर काही फरक पडत नाही. आता जागा संपली की टॅग अख्खाच्या अख्खा खाली जातो, आतला मजकूर तुटतो तो फक्त एकटा टॅगच स्क्रीनपेक्षा रुंद असेल तर. सोबत गॅप-२ द्या, म्हणजे डिफॉल्ट सेटिंगला ८ पिक्सेल, ते आडवं-उभं दोन्हीकडे लागतं त्यामुळे प्रत्येक टॅगला मार्जिन देत बसू नका.

खरी गंमत कार्डांत होते. दोन कार्डं शेजारी हवीत म्हणून प्रत्येकाला डब्ल्यू-१/२ म्हणजे अर्धी रुंदी दिली, कंटेनरला (बाहेरच्या डिव्हला) फ्लेक्स-रॅप आणि गॅप-४ दिलं, तरी दुसरं कार्ड खालीच पडतं आणि लोक तासभर पॅडिंग तपासत बसतात. हिशोब बघा ना, ५० टक्के अधिक ५० टक्के अधिक गॅपचे १६ पिक्सेल, मावणार कसं? रॅप चालू असताना ब्राउझर आयटम आक्रसायच्या आधी खाली ढकलतो. अशा ठिकाणी सरळ ग्रिड आणि ग्रिड-कोल्स-२ वापरा, तिथे गॅप वजा करूनच रुंदी वाटली जाते. माझं तर स्पष्ट मत आहे, कॉलम एकसारखे हवे असतील तर फ्लेक्सच्या मागे लागूच नका.

मोबाइलवर रॅप आणि मोठ्या स्क्रीनवर एकच ओळ हवी असेल तर फ्लेक्स-रॅप आणि एमडी:फ्लेक्स-नोरॅप दोन्ही लिहा, ७६८ पिक्सेलपासून पुढे दुसरा क्लास लागू होतो. बूटस्ट्रॅप हे दुसरं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी डी-फ्लेक्ससोबत फ्लेक्स-रॅप आणि फ्लेक्स-एमडी-नोरॅप लिहायचं, बाकी तेच.

आणि उलट, टॅग एकाच ओळीत ठेवून बोटाने सरकवायचे असतील तर रॅप काढा, कंटेनरला ओव्हरफ्लो-एक्स-ऑटो द्या आणि प्रत्येक टॅगला श्रिंक-०, म्हणजे तो आक्रसणार नाही. हे श्रिंक-० विसरलात की परत तेच तुकडे.

फ्लेक्स-रॅप-रिव्हर्स पण आहे, ओळी खालून वर लावतो, पण कीबोर्डचा टॅब आणि स्क्रीन रीडर एचटीएमएलच्याच क्रमाने जातात, दिसतं एक आणि ऐकू येतं भलतंच, त्यामुळे क्रम बदलायचा तर एचटीएमएलमध्येच बदला.